अमेरिकेत गायला बोलावलंय, पण व्हिसा कोणता? ‘पी-३’ सोप्या भाषेत

दर उन्हाळ्यात एखादी तरी बातमी येते: गायकाचा अमेरिका दौरा पुढे ढकलला, नाटकाचे प्रयोग रद्द, कारण व्हिसा वेळेत आला नाही. तिकडे सभागृहाचं भाडं भरलेलं असतं, तिकिटं विकली गेलेली असतात आणि इकडे कलाकार बॅग भरून बसलेला असतो. वाचणाऱ्याच्या मनात येतं, एवढ्या मोठ्या कलाकाराच्या पासपोर्टवर दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा असेलच की. मग घोडं अडलं कुठे?

अडतं ते तिथेच. टुरिस्ट व्हिसा असला तरी त्यावर मैफल करता येत नाही. आणि कलाकारांसाठी जो व्हिसा आहे, त्याचा अर्ज कलाकाराने करायचाच नसतो. या दोन गोष्टी नीट समजल्या नाहीत की दौरा कोलमडतो.

गाणं हे ‘काम’ कसं?

अमेरिकेच्या कायद्याच्या नजरेत पाहुणा दोन प्रकारचा असतो: फिरायला आलेला आणि काम करायला आलेला. लग्नाला आलेला आचारी पंगतीत बसला तर तो पाहुणा. तोच आचारी झारा घेऊन भट्टीशी उभा राहिला तर तो कामावर. व्यावसायिक गायकाने मंचावर पाऊल ठेवलं की तो भट्टीशी उभा राहिला.

यावर पहिला प्रश्न ठरलेला: ‘पण आम्ही मानधन घेणारच नाही, मग?’ तरीही नाही. हौशी कलाकाराने एखाद्या सामाजिक किंवा धर्मादाय कार्यक्रमात विनामोबदला गायलं तर ते टुरिस्ट व्हिसावर चालतं. पण ज्या कामाचे एरवी पैसे मिळतात ते काम करणाऱ्याला ही सवलत नाही. त्याने या वेळेपुरते पैसे सोडले तरी नाही.

दुसरा प्रश्न: ‘पैसे भारतातल्या खात्यात घेतले तर?’ त्याने काही बदलत नाही. काम कुठे झालं हे पाहिलं जातं, पैसे कुठे जमा झाले हे नाही. ‘नातेवाइकांकडे चाललोय’ असं सांगून उतरायचं आणि शनिवारी कार्यक्रम करायचा, ही युक्ती तर फारच महागात पडते. कार्यक्रमाचं पोस्टर तिथल्या महाराष्ट्र मंडळानेच फेसबुकवर टाकलेलं असतं आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्यालाही ते दिसतं. खोटं सांगून प्रवेश मिळवल्याचा ठपका बसला तर पुढच्या सगळ्या दौऱ्यांवर पाणी पडू शकतं.

पी-३ काय विचारतो?

अमेरिकेने १९९० च्या कायद्यात कलाकारांसाठी ‘ओ’ आणि ‘पी’ असे दोन नवे वर्ग केले. ‘ओ-१’ हा एकेकट्या नामवंतासाठी: क्षेत्रात तुम्ही इतरांपेक्षा कितीतरी वर आहात हे पुरस्कार, परीक्षणं, मोठ्या मंचांवरचे कार्यक्रम दाखवून सिद्ध करायचं. ‘पी-१’ हा आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या संचासाठी, आणि त्यात किमान ७५ टक्के सदस्य वर्षभर तरी त्या संचात असावे लागतात. आपल्याकडचे बहुतेक शास्त्रीय गायक-वादक, लोककलावंत आणि नाट्यसंगीत गाणारे जातात ते ‘पी-३’ वर.

पी-३ चा प्रश्न ‘तुम्ही किती मोठे?’ असा नसतो. ‘तुमची कला कुठल्या मातीतली आणि तिचं वेगळेपण काय?’ असा असतो. एखाद्या देशाची, समाजाची, जमातीची, धर्माची स्वतःची म्हणता येईल अशी शैली, पद्धत किंवा माध्यम असेल तर ती कला ‘सांस्कृतिकदृष्ट्या वैशिष्ट्यपूर्ण’ ठरते. शिवाय दौऱ्यामुळे त्या कलेची समज वाढणार आहे किंवा तिचा विकास होणार आहे, हे दाखवावं लागतं. कार्यक्रम तिकीट लावून केला तरी हरकत नसते. गाण्याबरोबर शिकवण्याचीही मुभा असते, मात्र कार्यशाळा अर्जात आधीच लिहिलेली हवी.

या प्रश्नाचा फायदा आपल्याकडे फार कमी लोक ओळखतात. सांगलीकडचा एखादा तमाशातला ढोलकीवाला, ज्याला एकही राष्ट्रीय पुरस्कार नाही, तोही पी-३ साठी पूर्णपणे पात्र असू शकतो. उलट गाजलेल्या चित्रपटगीतांचा ऑर्केस्ट्रा घेऊन जाणाऱ्या लोकप्रिय गायकाला हाच वर्ग अवघड जातो. त्याच्यासाठी ओ-१ हाच सरळ रस्ता.

अर्ज कलाकाराचा नाही, मंडळाचा

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारं आशियाई लोकांना उघडली आणि मराठी डॉक्टर, इंजिनिअर तिकडे जायला लागले. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं. पुढे उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संस्था झाली. तिचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं. २०२४ चं सॅन होजेला झालं. भारतातून जाणाऱ्या कलाकारांचे दौरे या मंडळांच्या जोरावर उभे राहतात: गुढीपाडवा, गणपती, दिवाळी, अधिवेशन.

पी-३ चा अर्ज, म्हणजे ‘आय-१२९’ हा फॉर्म, अमेरिकेतल्या यजमानाने, पुरस्कर्त्याने किंवा एजंटने तिथल्या स्थलांतर खात्याकडे भरायचा असतो. दहा शहरांत कार्यक्रम असले तरी दहा अर्ज लागत नाहीत. एक जण सगळ्यांच्या वतीने एजंट होतो आणि अर्जाला पूर्ण वेळापत्रक जोडतो: तारीख, शहर, सभागृहाचं नाव आणि पत्ता, कोणत्या मंडळाचा कार्यक्रम, मानधन किती. प्रत्येक मंडळाचा करार किंवा सहीचं पत्र सोबत. मंजुरीनंतर त्याच स्वरूपाचा एखादा कार्यक्रम वाढला तर नवा अर्ज लागत नाही.

मंडळाचं काम करणारी माणसं नोकरी सांभाळून, रात्री जेवणं झाल्यावर हे कागद करत बसतात. कार्यकारिणी दर एक-दोन वर्षांनी बदलते आणि मागच्या सेक्रेटरीने केलेला अर्ज त्याच्याच लॅपटॉपमध्ये राहून जातो. पुढच्या वर्षी सगळं पुन्हा शून्यापासून. एक सामायिक फोल्डर आणि त्यात मागचा मंजूर अर्ज, एवढ्याने नव्या माणसाचे कितीतरी आठवडे वाचतात.

अर्जावर सही करणाऱ्याने एक जबाबदारीही समजून घ्यावी. कलाकाराला मुदतीआधी कामावरून काढलं तर त्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च यजमान आणि अर्जदारावर पडतो.

सगळं तोलतं ते पत्रांवर

अर्जाचा जीव असतो तज्ज्ञांच्या पत्रांत, आणि आपले अर्ज सर्वांत जास्त इथेच लंगडे पडतात. कारण आपण गौरवपत्र लिहितो. ‘महाराष्ट्राची शान’, ‘रसिकांच्या गळ्यातील ताईत’, ‘त्यांच्या स्वर्गीय सुरांनी श्रोते मंत्रमुग्ध होतात.’ सत्काराच्या मानपत्रात हे शोभून दिसतं. पण अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याने ‘नाट्यसंगीत’ हा शब्द जन्मात ऐकलेला नसतो. मंत्रमुग्ध तर कुठल्याही देशातला कुठलाही गायक करतो. मग हे वेगळं कसं, याचं उत्तर त्याला पानभर शोधूनही सापडत नाही.

नाट्यसंगीताचंच पत्र कसं असावं ते पाहू. पहिल्या परिच्छेदात लिहिणाऱ्याची ओळख: कोणत्या विद्यापीठात किंवा संस्थेत किती वर्षं शिकवतो, या विषयावर काय लिहिलंय, कलाकाराला कसा ओळखतो. दुसऱ्यात कलेची ओळख, अगदी अनोळखी माणसाला सांगतोय अशा बेताने. ही मराठी रंगभूमीवर वाढलेली गायकी आहे. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं, तेव्हापासून ही परंपरा बहरली. यात नट स्वतः गातो. पद रागावर बांधलेलं असतं, पण ख्यालासारखा तासभर विस्तार होत नाही. नाटकातला प्रसंग आणि शब्द सांभाळून गायकाने थोडक्यात ताना, हरकती घ्यायच्या. साथीला पेटी किंवा ऑर्गन, आणि तबला. भाषा मराठी, म्हणून ही कला मराठी रंगभूमीबाहेर दुसरीकडे कुठे या रूपात नाही. तिसऱ्यात कलाकार: कोणत्या गुरूकडे किती वर्षं शिकला, कोणत्या नाटकांत कोणती पदं गातो. शेवटी अमेरिकेतल्या कार्यक्रमांमुळे तिथल्या लोकांना या कलेबद्दल काय कळेल.

चार पत्रं एकाच मजकुराची आणि सह्या फक्त वेगळ्या, असं कधीच करू नये. अधिकाऱ्याला ते पहिल्या नजरेत कळतं आणि चारही पत्रांचं वजन जातं. एकाने परंपरेवर, दुसऱ्याने कलाकाराच्या तालमीवर, तिसऱ्याने मागच्या कार्यक्रमांवर लिहावं. मराठी वर्तमानपत्रांतली परीक्षणं जोडायची तर प्रत्येकाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, आणि ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे’ असं भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्रही.

पत्रांखेरीज तिथल्या कामगार संघटनेचा अभिप्रायही जोडावा लागतो. वादकांसाठी एक संघटना, शास्त्रीय गायन-नृत्यासाठी दुसरी, नाटकासाठी तिसरी. ‘आमची हरकत नाही’ एवढं पत्र बहुधा पुरतं. तो अभिप्राय खात्यावर बंधनकारक नसतो, पण जोडला नाही तर अर्ज अपुरा राहतो.

‘आमचं तर फ्युजन आहे’

मग ते ‘परंपरेतलं’ कसं म्हणायचं? या शंकेवर २०१२ साली एक महत्त्वाचा निकाल लागला. लॉस एंजेलिसच्या स्कर्बॉल कल्चरल सेंटरने अर्जेंटिनाच्या एका वाद्यवृंदासाठी पी-३ मागितला होता. त्या वादकांच्या संगीतात पूर्व युरोपातल्या ज्यूंचं क्लेझ्मर आणि लॅटिन अमेरिकेतले ताल असं मिश्रण होतं. खात्याने सांगितलं, मिश्रण हे कुठल्याच एका संस्कृतीचं नव्हे, अर्ज नामंजूर. वरच्या अपील कार्यालयाने तो निर्णय फिरवला: सांस्कृतिक वैशिष्ट्य फक्त जुन्या, शुद्ध रूपातच असतं असं नाही, दोन संस्कृतींच्या मिलाफातून घडलेली शैलीही एखाद्या समाजाची स्वतःची असू शकते.

आपल्यासाठी हा निकाल फार मोलाचा आहे. पेटीचंच बघा. वाद्य युरोपातून आलं, आणि आज पेटीशिवाय भजन होत नाही. मात्र ‘फ्युजन’ एवढा शब्द लिहून भागत नाही. कोणत्या दोन परंपरा, त्या एकत्र कशा आल्या, त्यातून उभी राहिलेली शैली कोणत्या समाजाची, हे पत्रात उलगडून सांगावं लागतं. नुसत्या भारुडाला गिटार लावलं म्हणजे झालं, असं नव्हे.

पैसे किती, वेळ किती

१ एप्रिल २०२४ पासून फी बरीच वाढली. पी वर्गाच्या आय-१२९ साठी मोठ्या व्यावसायिक आयोजकाला १,०१५ डॉलर आणि वर ६०० डॉलरचा आश्रय-निधी आकार, म्हणजे आश्रय मागणाऱ्या परदेशी लोकांच्या अर्जांच्या कामासाठीचा जादा आकार. २५ किंवा त्याहून कमी पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या आयोजकाला ५१० आणि ३००. नोंदणीकृत ना-नफा संस्थेला ५१०, वरचा आकार शून्य. म्हणजे अर्ज मोठ्या व्यावसायिक आयोजकाने न करता ना-नफा मंडळाने केला तर हजार-अकराशे डॉलर वाचू शकतात. पण मग यजमानाची जबाबदारीही खरोखर मंडळाचीच असायला हवी.

त्याच दिवसापासून एका अर्जात जास्तीत जास्त २५ नावांची मर्यादा आली. तीस जणांच्या ढोल-ताशा पथकाला दोन अर्ज, दोन फी. ध्वनी, प्रकाश, रंगभूषा सांभाळणाऱ्यांसाठी साहाय्यकांचा स्वतंत्र अर्ज, त्याची फी वेगळी आणि संघटनेचा अभिप्रायही वेगळा. शिवाय वाणिज्य दूतावासात माणशी २०५ डॉलर व्हिसा फी.

अर्ज कार्यक्रमाच्या वर्षभर आधीपासून करता येतो. जुलैचा दौरा असेल तर दिवाळीपर्यंत पत्रं हातात यावीत आणि संक्रांतीच्या सुमारास अर्ज जावा. जलद निकालासाठी जादा फी असते, २०२४ मध्ये ती २,८०५ डॉलर होती, आणि त्यात पंधरा कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळतं. उत्तर म्हणजे मंजुरीच, असं मात्र नाही. ‘आणखी पुरावे द्या’ हेही उत्तरच.

मंजुरी आली म्हणजे व्हिसा आला?

नाही. मंजुरी म्हणजे आय-७९७ हा कागद. त्यानंतर प्रत्येक कलाकाराने स्वतः डीएस-१६० हा फॉर्म भरायचा, फी भरायची आणि मुलाखतीची वेळ घ्यायची. महाराष्ट्रातल्या लोकांसाठी अमेरिकेचा वाणिज्य दूतावास मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूट बहुतेकांसाठी बंद झाली, ऐंशीच्या घरातल्या बुजुर्ग वादकालाही आता स्वतः जावं लागतं. त्यामुळे मुलाखतीच्या तारखेसाठी दोन-अडीच महिने हाताशी ठेवावेत.

मुलाखतीत अधिकारी दोनच गोष्टी पाहतो: अर्जात लिहिलंय ते खरं आहे का, आणि हा माणूस परत येणार आहे का. घरदार, कुटुंब, भारतातले ठरलेले कार्यक्रम, शिष्य यांबद्दल साधं, सरळ उत्तर द्यावं. वेळापत्रकाची प्रत प्रत्येक साथीदाराकडे असावी. मुख्य गायकाला सगळं ठाऊक असतं, पण टाळ वाजवणाऱ्या मुलाला पहिला कार्यक्रम डलासला आहे की डेट्रॉइटला हे माहीत नसतं, आणि प्रकरण तिथे अडतं.

साथीला कोण बसणार?

खर्च वाचवायला बरीच मंडळं तबलजी तिथलाच घेतात. ग्रीन कार्डधारक किंवा अमेरिकी नागरिक असेल तर प्रश्नच नाही. पण एच-१बी वर असलेला सॉफ्टवेअरवाला कितीही उत्तम तबला वाजवत असला तरी त्याला त्याचे पैसे घेता येत नाहीत. त्याची परवानगी त्याच्या कंपनीतल्या कामापुरती असते. मंडळाने प्रेमाने दिलेलं पाकीट त्याच्या ग्रीन कार्डाच्या वाटेत आडवं येऊ शकतं. तसंच कलाकाराचं कुटुंब ‘पी-४’ वर सोबत येतं, त्यांनाही काम करता येत नाही. लेक तंबोऱ्यावर बसणार असेल तर तिचं नाव मूळ अर्जात कलाकार म्हणूनच घालावं.

तीस टक्के कुठे जातात?

परदेशी कलाकाराच्या एकूण मानधनातून आयोजकाने ३० टक्के कर कापायचा, हा तिथला नियम. कापला नाही तर तो भरण्याची जबाबदारी आयोजकावर येते.

समजा आठ कार्यक्रम, प्रत्येकी ३,००० डॉलर. एकूण २४,०००, कपात ७,२००. आता विमानाची तिकिटं, मुक्काम, वकील, साथीदार असा ९,००० डॉलरचा ग्राह्य खर्च धरला तर निव्वळ उत्पन्न १५,०००. त्यावरचा संघीय कर २०२५ च्या दराने साधारण १,५६० डॉलर होतो. म्हणजे साडेपाच हजारांहून जास्त रक्कम परत मिळण्याजोगी असते. ती मिळवायला पुढच्या वर्षी १०४०-एनआर हे विवरणपत्र भरावं लागतं. बरेच जण ते भरत नाहीत आणि पैसे तिथेच राहतात. आधीच कपात कमी करून घ्यायची तर पहिल्या कार्यक्रमाच्या किमान ४५ दिवस आधी फॉर्म १३९३० भरून करखात्याशी करार करता येतो. त्यासाठी तिथला करदाता क्रमांक लागतो.

भारत-अमेरिका करविषयक करारात कलाकारांसाठी सूट आहे, पण ती वर्षाला १,५०० डॉलर निव्वळ उत्पन्नापर्यंतच. अमेरिकेत भरलेल्या कराचं श्रेय भारतात विवरणपत्र भरताना मागता येतं. राज्यांचे कर वेगळे, आणि ते प्रत्येक राज्यात निराळे.

आणि वाद्यं

मिरजेचा तंबोरा घेऊन जायचा म्हणजे जीव मुठीत. भोपळा सामानाच्या धक्क्यात तडकला तर त्या दौऱ्यापुरता तो दुरुस्त होत नाही. त्यामुळे जमेल तिथे यजमानांकडचाच तंबोरा घ्यावा. अमेरिकी विमान कंपन्यांवर नियम आहे: लहान वाद्य वरच्या कप्प्यात मावत असेल तर केबिनमध्ये घेऊ द्यायचं, मोठ्यासाठी स्वतंत्र सीट विकत घेता येते. मात्र मुंबईहून भारतीय किंवा आखाती कंपनीच्या विमानाने निघालात तर हा नियम लागू होईल असं धरून चालू नका. लेखी परवानगी आधीच मागावी.

तबल्याचं दुखणं वेगळं. थंडीत हीटर लावलेल्या सभागृहात हवा इतकी कोरडी असते की पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणली जाते, स्वर चढतो आणि शाईला, म्हणजे मधल्या काळ्या थराला, तडा जाऊ शकतो. प्रवासात गठ्ठे थोडे उतरवून ठेवावेत, लागणाऱ्या स्वराची एक जादा पुडी बरोबर असावी, आणि सभागृहात किमान दोन तास आधी तबला उघडून ठेवावा. कस्टममध्ये विचारलं तर कातड्याची वस्तू आहे हे स्वच्छ सांगावं. जुन्या वाद्यावर हस्तिदंताची नक्षी असेल तर ते वाद्य घरीच राहू द्या, जप्त होऊ शकतं. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या मागची पट्टी वाचून घ्यावी. त्यावर १००-२४० असेल तर नुसती पिन बदलून भागतं. फक्त २३० लिहिलं असेल तर तिथल्या १२० व्होल्टवर तो नीट चालणार नाही.

परतताना प्रत्येक मंडळाकडून तीन कागद मागून घ्यावेत: छापील कार्यक्रमपत्रिका, मानधन आणि कपात दाखवणारा हिशेब, आणि कार्यक्रमाने स्थानिक श्रोत्यांना काय दिलं हे सांगणारं लेटरहेडवरचं पत्र. पहिला पुढच्या अर्जाला लागतो, दुसरा विवरणपत्राला, आणि तिसरा कोणाही तज्ज्ञाच्या पत्राच्या तोडीचा ठरू शकतो.